नळाच्या पाण्यातला क्लोरिन आणि त्याची उपउत्पादने: या चुका टाळा

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर दोन तक्रारी हमखास येतात. पाणी गढूळ येतंय, आणि पाण्याला औषधाचा वास येतोय. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. पुराबरोबर धरणात पालापाचोळा, माती, शेवाळ येतं. पाण्यातली घाण क्लोरिन खाते, म्हणून क्लोरिन जास्त टाकावा लागतो. आणि हाच क्लोरिन कुजलेल्या पानांतून उतरलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावला की क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं, म्हणजे ट्रायहॅलोमिथेन, तयार होतात. सोबत हॅलोअ‍ॅसिटिक आम्लंही. योहानेस रूक या डच रसायनशास्त्रज्ञाने रॉटरडॅमच्या पाण्यात हे पहिल्यांदा दाखवून दिलं, ते १९७४ साली.

वास आला म्हणजे विष, वास नाही म्हणजे शुद्ध

नाकाला जाणवतो तो मुख्यतः क्लोरिन किंवा त्याची अमोनियाशी झालेली संयुगं. ट्रायहॅलोमिथेन नळाच्या पाण्यात असतात मायक्रोग्रॅममध्ये. तेवढ्याचा वास कुणाला येत नाही. उलट टाकीत रात्रभर राहिलेल्या पाण्यातला क्लोरिन उडून जातो, वास जातो, पण संयोग व्हायला तेवढा वेळ मिळालेला असल्याने उपउत्पादनं वाढलेली असू शकतात. वास अचानक उग्र झाला तर पालिकेकडे तक्रार जरूर करा, पण त्यावरून क्लोरोफॉर्मचा अंदाज बांधू नका.

भीतीपोटी क्लोरिनच बंद करणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) यादीत क्लोरोफॉर्म 'कदाचित कर्करोगकारक' या २बी गटात आहे. क्लोरिनयुक्त पाणी वर्षानुवर्षं पिणं आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण हा धोका दशकांचा आणि लहान. कॉलरा, कावीळ, टायफॉइड चार-आठ दिवसांत किंवा काही आठवड्यांत गाठतात. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: उपउत्पादनं कमी करा, पण त्यासाठी निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नका. ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरायलाच हवा.

गढूळ पाण्यात टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मूठ

गावच्या विहिरीत किंवा टाकीत पाणी गढूळ दिसलं की पावडर वाढवायची, हा उलटा हिशोब आहे. आधी घाण काढा. तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी वेगळं घ्या, मग क्लोरिन द्या. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही युक्ती हीच आहे: तुरटीने सेंद्रिय द्रव्य जितकं जास्त बसेल तितकी उपउत्पादनं कमी, आणि क्लोरिनचा मुख्य डोस गाळणीनंतर.

मात्रेबद्दल. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. निवळ पाण्याच्या १,००० लिटरला २.५ ग्रॅम टाकली तर लिटरमागे साधारण ०.८ मिलिग्रॅम पडतो. पोतं उघडं पडून राहिलं, ओल लागली की ताकद उतरते आणि हा हिशोब चुकतो. म्हणून अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून उरलेला क्लोरिन रंगावरून पाहा. पिवळेपणा आला नाही तर थोडी वाढवा. अंदाजाने मुठी मारण्यापेक्षा हे सोपं आहे. आणि टाकीच्या तळाशी बोटभर गाळ असेल तर ओटीचा रंग येऊनही काम झालेलं नाही, टाकी धुवा.

कोकण-गोव्यात खाडीजवळच्या विहिरींसाठी एक जास्तीची गोष्ट. खारं पाणी शिरलं की ब्रोमाइड येतो आणि मग क्लोरोफॉर्मऐवजी ब्रोमिनचे भाईबंद तयार होतात. यांतल्या ब्रोमोडायक्लोरोमिथेनची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅम आहे, क्लोरोफॉर्मची ०.२.

चुकीच्या जागी फिल्टर, चुकीच्या यंत्रावर विश्वास

क्लोरोफॉर्म पकडतो तो सक्रियित कार्बन. आरओचा पडदा हे लहान, भाररहित रेणू नीट अडवत नाही. आरओ प्युरिफायर काम करतो तो आत बसवलेल्या कार्बनमुळे. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर दाखवून 'बघा, २०वर आलं' म्हणणाऱ्या विक्रेत्याला फार मनावर घेऊ नका. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, आणि क्लोरोफॉर्म त्यात दिसतच नाही. यूव्ही दिवाही यासाठी निरुपयोगी.

कार्बनचाही भरवसा वेळेपुरताच. क्लोरिनचा वास तो बराच काळ काढत राहतो, पण क्लोरोफॉर्म धरून ठेवण्याची त्याची कुवत त्याआधी संपते. चव चांगली लागते म्हणून कार्ट्रिज पुढे ढकलत राहिलात तर फसाल. कंपनीने दिलेली लिटरची मर्यादा पाळा.

बंगल्याच्या मुख्य पाइपवर कार्बन फिल्टर आणि त्यानंतर गच्चीवरची टाकी, ही रचना तर धोक्याचीच. क्लोरिन फिल्टरमध्येच संपतो आणि टाकीत जंतूंना मोकळं रान मिळतं. कार्बन हवा तो शेवटच्या नळाशी, पिण्याच्या पाण्यापुरता.

उकळलं म्हणजे सगळं गेलं

अर्धंच खरं. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, त्यामुळे झाकण न ठेवता काही मिनिटं पाणी खळखळलं की बराचसा निघून जातो. झाकण ठेवलं तर परत पाण्यात. हॅलोअ‍ॅसिटिक आम्लं मात्र राहतात, पाणी आटलं तर त्यांचं प्रमाण थोडं वाढतंही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असू द्या. गरम पाण्याच्या अंघोळीलाही हेच: ट्रायहॅलोमिथेन वाफेतून श्वासात आणि त्वचेतून शरीरात जातात, म्हणून एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.

अर्धी बाटली भरून नमुना

नेहमीच्या पाणी तपासणीत ट्रायहॅलोमिथेन बहुधा नसतात. वेगळे सांगावे लागतात. नमुना प्रयोगशाळेनेच दिलेल्या काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायचा, नाहीतर क्लोरोफॉर्म मोकळ्या जागेत उडून जातो. कुपीत आधीच घातलेलं क्लोरिन मारणारं रसायन धुऊन टाकू नका, नाहीतर वाटेतही संयोग चालूच राहतो. आणि अहवालात चारही ट्रायहॅलोमिथेनचे आकडे वेगवेगळे मिळणार का, ते पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.