जोडीदाराचा हिस्सा विकत घेऊन घर ठेवायचं असेल तर

घटस्फोटात घर स्वतःकडे ठेवायचं मनात असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी एका संध्याकाळी वही-पेन घेऊन बसा. घराची आजची किंमत 100 धरा, कर्ज 40 शिल्लक. उरले 60. निम्मा हिस्सा ठरला, तर समोरच्याला द्यायचे 30. हे 30 साठवलेले नसतील, तर तुमचं कर्ज होतं 70. मुदत आणि व्याजदर तेच राहिले तरी हप्ता पावणेदोन पट, आणि तोही एकाच पगारातून. बऱ्याच जणांचा उत्साह इथेच ओसरतो. माझ्या मते तो सहीनंतर ओसरण्यापेक्षा वहीवर ओसरलेला बरा.

किंमत दलालाच्या तोंडची नको. दोघांना मान्य असा एक व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा जाणकार, नेमा आणि किंमत कोणत्या तारखेची धरायची ते लेखी ठरवा, कारण वेगळं राहायला लागल्यापासून निकालापर्यंत भाव बदललेला असू शकतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मारलेल्या मुलांच्या उंचीच्या रेघा त्याच्या अहवालात येत नाहीत. तुमच्या मनातल्या किमतीत मात्र त्या धरलेल्या असतात.

बँकेकडून शिल्लक कर्जाचं ताजं पत्र घ्या, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का ते विचारा. सुरुवातीची रक्कम कोणी भरली, दुरुस्तीचा खर्च कोणी केला, याच्या पावत्या आत्ताच शोधा. वाद पेटल्यावर त्या सापडत नाहीत. मुद्रांक, नोंदणी, वकील हे खर्च त्या 30 च्या वर. हिश्शाच्या बदल्यात निवृत्तीची पुंजी सोडणार असाल, तर ती काढताना कर किती जातो ते आधी बघा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. मालकीच्या कागदावरून नाव निघालं म्हणजे कर्जावरून निघालं असं नाही. तडजोड तुमच्या दोघांतली, बँक त्यात नाही. जुन्या करारावर सही असेपर्यंत ती दोघांकडेही वसुलीला येऊ शकते. म्हणून घर सोडणाऱ्याने कर्जातून मुक्त केल्याचं बँकेचं पत्र हातात येईपर्यंत हक्क सोडू नये. घर घेणाऱ्याने एकट्याच्या नावावर कर्ज मिळेल का, हे तडजोडीवर सही करण्याआधीच विचारून घ्यावं. ठरलेल्या मुदतीत कर्ज मंजूर झालं नाही तर घर विकायचं, हे कलमही घालाच.

नोंदणी झाली की विमा आणि बिलं नावावर करून घ्या. मृत्युपत्रही काढून बघा, त्यात जुनंच नाव असेल.