गोकाकच्या दगडाला नाव कसं देतात आणि वय कसं काढतात

बेळगाव-गोकाक-सौंदत्ती भागात जिऑलॉजीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी लिहितोय. पहिलं डोक्यात पक्कं करा, नाव दगड बघून द्यायचं, वय बघून नाही. वय उद्या बदलेल, दगड बदलणार नाही.

गोकाकला घटप्रभा नदी ५२ मीटर खाली उडी मारते तो कडाच घ्या. ताजा तुकडा फोडायचा (धबधब्याच्या काठावर हातोडी नको हां, शेवाळावरून पाय सटकतो), भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड जवळ आणायचा. तडा वाळूच्या कणांना वळसा घालून गेला असेल तर वालुकाश्म, कण चिरत आरपार गेला असेल तर क्वार्टझाइट (वाळूचे कण घट्ट जुळून झालेला कडक दगड). मग थर मोजा, जाडी लिहा, लाटांच्या खुणा असतील तर फोटो काढा, आणि खालचा-वरचा दगड कुठं बदलतो ते नकाशावर दाखवा, नकाशावर दाखवता येत नसेल तर ते फॉर्मेशनच (एका नावाखाली मोडणारा दगडांचा गट) नाही.

नाव जवळच्या गावाचं किंवा नदीचं, आधी कुणी वापरलेलं नसलेलं. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये इकडच्या दगडांवर लिहिलं तेव्हापासून त्यांना कलादगी (बागलकोट जिल्ह्यातलं गाव) हे नाव चालत आलंय, म्हणून आधी जुनं वाचा, उगीच नवीन बारसं करू नका. नवीन द्यायचंच असेल तर सगळे थर नीट दिसतात अशी एक जागा नमुना म्हणून ठरवा आणि वर्णनासकट छापा, नुसतं रिपोर्टात लिहून ते अधिकृत होत नाही.

आता वयाची भानगड. मालपेजवळची सेंट मेरी बेटं लाव्हाची, तिथं दगडाचंच वय निघतं. वाळूच्या दगडात तसं होत नाही, कण आधीच्या कुठल्यातरी ग्रॅनाइटचा असतो. म्हणून दगड कुटून झिरकॉन (एका टिकाऊ खनिजाचे बारीक कण) वेगळे करतात, युरेनियम-शिसं पद्धतीनं (युरेनियमचं ठरलेल्या वेगानं शिसं होतं, त्यावरून) त्यांची वयं काढतात, आणि सगळ्यात तरुण कण सांगतो की थर ह्याच्यापेक्षा जुना असू शकत नाही. एका कणावर भरवसा ठेवू नका, चार-पाच जुळायला पाहिजेत. वयाची दुसरी मर्यादा थराला चिरून घुसलेल्या डाइकवरून (भेगेत थिजलेला वितळलेला दगड) मिळते, थर त्याच्याआधीचा. वर डेक्कन ट्रॅप (लाव्हाचे थर) आहे की, म्हणाल, पण तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा आणि कलादगी दगड त्याच्या कितीतरी पट जुने, त्यामुळं त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

रिपोर्टात ह्या दोन्ही मर्यादा लिहा, मधलाच एक आकडा ठोकून देऊ नका, व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो बघा.