प्रोजेक्टर लावताना या चुका टाळा

कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात. पडद्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी आणि प्रोजेक्टरभोवती चार जण. एकाच्या हातात रिमोट, दुसरा केबल उपसून पुन्हा खुपसतोय, तिसऱ्याने लॅपटॉप रीस्टार्टला लावलाय आणि चौथा नुसताच म्हणतोय, ‘मागच्या वेळी तर नीट चालला होता.’ प्रोजेक्टर लावून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. मूळ घोळ बहुतेक वेळा एकच आणि अगदी किरकोळ असतो. मी पोचेपर्यंत चौघांनी मिळून त्याचे तीन केलेले असतात. सोर्स, म्हणजे प्रोजेक्टरने कोणत्या खाचेतून चित्र घ्यायचं ती निवड, चुकीचा होता तो बरोबर लागला, पण नेमकी तेव्हा केबल निघालेली. केबल बसली, तर लॅपटॉप बंद. म्हणून एकानेच हात घालावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दहा सेकंद थांबावं.

हे दहा सेकंद फार कामाचे असतात. केबल जोडली की प्रोजेक्टर आपल्याला कोणतं रिझोल्यूशन (चित्रात आडवे-उभे किती ठिपके) चालतं ते कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर त्याप्रमाणे चित्र पाठवतो आणि मग ते पडद्यावर उमटतं. रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबल्यावरही असाच वेळ जातो. आपण मात्र दोन सेकंदांत काही दिसलं नाही की पुन्हा दाबतो आणि बरोबर लागलेला एचडीएमआय १ सोडून पुढे निघून जातो. असे तीन फेरे मारून ‘सगळे सोर्स बघितले, कुठेच नाही’ म्हणणारे मी पाहिलेत. केबल प्रोजेक्टरच्या कोणत्या खाचेत आहे ते डोळ्यांनी बघा, तिच्या शेजारचं नाव वाचा, तोच सोर्स निवडा आणि हात मागे घ्या.

‘नो सिग्नल’ आणि ठार काळोख, दोन्ही एकच समजणं

‘नो सिग्नल’ दिसतंय ही खरं तर चांगली बातमी. दिवा पेटलाय, लेन्स उघडी आहे, प्रोजेक्टर ठणठणीत आहे. गडबड त्याच्या अलीकडे म्हणजे सोर्स, केबल किंवा लॅपटॉपमध्ये आहे. पंखा चालू, हिरवा दिवा लागलेला आणि पडद्यावर अक्षरसुद्धा नाही, असं असेल तर केबलच्या वाटेला जाऊच नका. लेन्सचं झाकण बघा. त्यानंतर रिमोटवरचं ‘ब्लँक’ किंवा ‘एव्ही म्यूट’ बटण बघा. या बटणाने चित्र आणि बहुतेक वेळा आवाजही तात्पुरता बंद होतो. एकदा मी स्वतः पाऊण तास केबली बदलत बसलो होतो. शेवटी कळलं, की रिमोट खिशात होता आणि बसता-उठता तेच बटण दाबलं जात होतं. तेव्हापासून रिमोट टेबलावर ठेवतो, तोंड वर करून.

चित्र गोठून बसलं असेल, लॅपटॉपवर स्लाइड पुढे गेली तरी पडद्यावर जुनीच दिसत असेल, तर ‘फ्रीझ’ बटण दाबलं गेलंय. पुन्हा दाबा.

लॅपटॉपला सांगायचंच राहून जातं

केबल जोडली म्हणजे चित्र आलंच पाहिजे, असं नसतं. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबलं की चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉपचा स्क्रीन, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरा स्क्रीन. पहिल्यावर खूण असेल तर जगातली सर्वांत महाग केबलही काही करू शकत नाही. लॅपटॉपवर दिसतंय तेच भिंतीवर हवं असेल तर डुप्लिकेट.

खरा गोंधळ एक्स्टेंडमध्ये होतो. तिथे पडदा म्हणजे लॅपटॉपच्या शेजारी ठेवलेलं दुसरं रिकामं टेबल. त्यावर सुरुवातीला नुसता वॉलपेपर दिसतो आणि लोकांना वाटतं चित्र अडकलं. उलटही होतं: फाइल उघडली तर ती लॅपटॉपवर दिसेचना, कारण ती भिंतीवर उघडली. अशी हरवलेली विंडो परत आणायला विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा. ती उडी मारून दुसऱ्या स्क्रीनवर जाते. मॅकवर हाच निर्णय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’ निवडून करायचा.

पॉवरपॉइंटचा प्रेझेंटर व्ह्यू एक्स्टेंडवरच चालतो. वक्त्याला समोर स्वतःच्या नोंदी, श्रोत्यांना फक्त स्लाइड. पण दोन्ही स्क्रीनची अदलाबदल झाली, की ‘इथे विनोद सांगणे’ ही नोंद आख्ख्या सभागृहाला वाचायला मिळते. प्रेझेंटर व्ह्यूच्या वरच्या पट्टीत ‘डिस्प्ले सेटिंग्ज’खाली अदलाबदलीचा पर्याय आहे. तो कुठे आहे ते आधी, एकटे असताना बघून ठेवा.

आणि झाकण मिटू नका. बहुतेक लॅपटॉप झाकण मिटलं की झोपतात आणि पडदाही त्यांच्यासोबत झोपतो. चार्जरही लावून ठेवा. बॅटरीवर असताना लॅपटॉप लवकर स्लीपमध्ये जातो आणि ऐन प्रश्नोत्तरांत पडदा काळा होतो.

खाचेत बसतं म्हणजे चालतं, हा समज

यूएसबी-सी पोर्ट इथे सगळ्यात जास्त फसवतं. एकाच आकाराच्या दोन पोर्टपैकी एकातून चित्र बाहेर पडतं, दुसऱ्यातून फक्त चार्जिंग आणि डेटा. शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण असेल तर त्यातून चित्र जातं. खूण नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघावं लागतं. केबलचंही तेच. फोन चार्ज करायची यूएसबी-सी केबल दिसायला तशीच असली तरी चित्र नेईलच असं नाही.

कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल निघतो, व्हीजीएमधून अॅनालॉग. लॅपटॉपला एचडीएमआय आणि जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए असेल तर ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ लागतो. ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ नावाची डबी उलटी फिरवून काम भागत नाही. आत एकही चिप नसलेली, नुसती टोकं बदलणारी अशी केबल मिळाली तर तीही उपयोगाची नाही.

जुन्या प्रोजेक्टरच्या पाठीवर निळी, पंधरा भोकांची व्हीजीए खाच बऱ्याचदा एक सोडून दोन असतात. एकीवर ‘कॉम्प्युटर इन’, दुसरीवर ‘मॉनिटर आउट’. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरखाली शिडीवर उभं राहून, मान वाकडी करून, चाचपडत केबल लावली की ती हमखास ‘आउट’मध्ये जाते. अशा वेळी मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. शिडीवर वाचण्यापेक्षा ते सोपं.

व्हीजीएचा प्लग लावण्याआधी उजेडात धरून त्याच्या तोंडात बघायची सवय मी लावून घेतली आहे. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात. एखादी पिन आडवी झालेली असेल तर लगेच दिसते. तशीच दाबली तर ती मुडपते किंवा तुटते. पहिल्या ओळीतल्या पहिल्या तीन पिनांतून लाल, हिरवा आणि निळा असे वेगवेगळे रंग जातात. म्हणून एक पिन नीट टेकली नाही तर चित्र येतं पण रंगलेलं येतं: निळा हरवला तर सगळं पिवळट, हिरवा हरवला तर जांभळट-गुलाबी. लोक प्रोजेक्टरच्या रंगांच्या सेटिंगमध्ये तासभर हिंडतात. त्याआधी प्लगचे दोन्ही स्क्रू आवळून बघावेत. मधल्या ओळीत एक पिन मुळातच नाही असं दिसलं तर घाबरू नका, कित्येक केबलींमध्ये ती जागा रिकामीच ठेवलेली असते.

एचडीएमआयला स्क्रू नसतात, त्यामुळे जड आणि जाड केबल स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. चित्र मधूनमधून जातंय-येतंय असं असेल तर केबल प्रोजेक्टरच्या पायाजवळ किंवा टेबलाला चिकटपट्टीने बांधा. लांबी वाढते तसा साध्या तांब्याच्या केबलीत सिग्नल क्षीण होतो. दहा मीटरच्या पुढे मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी एचडीएमआय केबल लांब पल्ल्याला उत्तम, पण तिला डोकं आणि शेपूट असतं. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक लॅपटॉपला, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं प्रोजेक्टरला. भिंतीतून किंवा छतातून उलटी ओढली तर सगळी पुन्हा काढावी लागते. हे दुःख मी भोगलंय.

सगळा भार कीस्टोनवर टाकणं

प्रोजेक्टर जिथे जागा मिळेल तिथे ठेवायचा, पुस्तकांच्या थप्पीवर नाक वर करून टेकवायचा आणि वर रुंद, खाली अरुंद असं जे चित्र येतं ते प्रोजेक्टरच्या ‘कीस्टोन’ या सेटिंगने चौकोनी करायचं, ही सर्रास रीत आहे. चौकोन होतो खरा, पण तो कसा होतो? प्रोजेक्टरच्या आत ठरावीक ठिपके असतात, समजा आडवे १२८० आणि उभे ८००. कीस्टोन लावला की त्यातले कडेचे ठिपके काळे ठेवले जातात आणि उरलेल्या लहान जागेत आख्खं चित्र कोंबलं जातं. चित्र अंधुक होतं आणि अक्षरांना दाते पडतात. देवनागरीत ते आधी दिसतं: मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं यांच्या बारीक रेषा पहिल्या मरतात. कीस्टोन पूर्ण ताणून लावलेल्या पडद्यासमोर शेवटच्या रांगेत बसून ‘कि’ आणि ‘की’ ओळखून दाखवा.

म्हणून आधी प्रोजेक्टर हलवा. लेन्स पडद्याच्या आडव्या मध्यावर आणि पडद्याला काटकोनात हवी. टेबलावरचा प्रोजेक्टर सपाट ठेवला तरी चित्र थोडं वरच फेकतो, ती त्याची रचनाच आहे. म्हणून लेन्स साधारण पडद्याच्या खालच्या कडेच्या आसपास बसते. छताला उलटा टांगला की वरच्या कडेच्या आसपास. उलटा टांगल्यावर चित्रही उलटं येणारच, त्यासाठी मेनूत ‘सीलिंग’ची सेटिंग असते. अक्षरं आरशातल्यासारखी दिसत असतील तर चुकून ‘रिअर’ लागलंय, म्हणजे पडद्यामागून चित्र टाकायची सेटिंग.

अंतराचा हिशोब सोपा आहे आणि तरी कोणी करत नाही. माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो: अंतर भागिले चित्राची रुंदी. तो १.५ असेल आणि चित्र २ मीटर रुंद हवं असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून ३ मीटरवर. झूम असेल तर थोडं पुढे-मागे चालतं. हा आकडा न बघता छताला भोकं पाडली, की चित्र पडद्याबाहेर सांडतं नाहीतर पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं बसतं.

क्रम असा ठेवा: जागा, पातळी, झूम, फोकस आणि सगळं करून उरलाच तर चिमूटभर कीस्टोन. फोकस करताना फोटो लावू नका, बारीक अक्षरांचा मजकूर लावा. प्रोजेक्टर तापला की फोकस किंचित सरकतो, तेव्हा वीसेक मिनिटांनी पुन्हा एकदा बघून घ्या.

चित्र आलं, पण

अक्षरं पुसट आणि फुगलेली दिसत असतील तर रिझोल्यूशन बघा. माहितीपत्रकातले ‘नेटिव्ह’ आणि ‘सपोर्टेड’ हे दोन शब्द वेगळे आहेत. १९२० × १०८० ‘सपोर्टेड’ लिहिलेल्या प्रोजेक्टरच्या आत प्रत्यक्षात १०२४ × ७६८ ठिपकेच असू शकतात. मोठं चित्र तो घेतो आणि आवळून दाखवतो. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरला त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन द्या. व्हीजीएवर चित्र नुसतंच एका बाजूला सरकलं असेल तर रिमोटवरचं ‘ऑटो’ बटण पुरतं.

एचडीएमआय लावल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला, असं वाटतं. तो गेलेला नसतो, प्रोजेक्टरच्या काडेपेटीएवढ्या स्पीकरकडे वळलेला असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून हवं ते आउटपुट निवडा. व्हीजीएतून आवाज जातच नाही, त्याला वेगळी वायर लागते.

आणखी एक चकवा. सगळं दिसतं, फक्त एखादा चित्रपट लावला की आवाज येतो आणि पडदा काळा. हा बिघाड नाही. कॉपी होऊ नये म्हणून अशा व्हिडिओला एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. मधे व्हीजीए कन्व्हर्टर किंवा जुना स्प्लिटर (एकच चित्र अनेक पडद्यांना वाटणारी डबी) असेल तर ते उघडत नाही. थेट एचडीएमआयने जोडून बघा.

वायरलेसबद्दल माझं मत जुन्या वळणाचं आहे. विंडोज आणि ‘के’ दाबून बिनवायरीचा प्रोजेक्टर जोडता येतो, स्लाइडसाठी ते चालतंही. पण गर्दीच्या हॉलमध्ये शंभर मोबाइल सुरू झाले की तो अडखळतो. पिशवीत केबल असू द्या.

घाईने वायर ओढणं

कार्यक्रम संपला की कोणीतरी एक्स्टेंशन बोर्डच बंद करतं. दिव्याच्या प्रोजेक्टरला ते सोसत नाही. आतला उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा भयंकर तापलेला असतो आणि ‘ऑफ’ केल्यावरही पंखा चालू राहतो तो त्याला थंड करायला. पंखा थांबेपर्यंत थांबा, मगच वायर काढा. चुकून बंद झाला तर लगेच चालू करण्याची धडपडही नको. गरम दिवा पेटत नाही, काही मिनिटं जाऊ द्या. लेझर आणि एलईडी प्रोजेक्टर याबाबतीत बरेच सोशिक आहेत.

चालू असताना अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो आणि तापमानाचा दिवा लुकलुकतो, असं होत असेल तर आधी बघा, हवेच्या जाळीला पडदा, फाइल किंवा भिंत चिकटलीय का. नसेल तर फिल्टर काढा. धुळीचा राखाडी थर नखाने गुंडाळला जाईल इतका जमलेला असतो. बहुतेक फिल्टर मऊ ब्रशने किंवा छोट्या व्हॅक्यूमने साफ होतात. पाण्याने धुवायचा की नाही ते मात्र माहितीपत्रक बघून ठरवा, आणि ओला फिल्टर परत बसवू नका.