लॉटरीचे आकडे ‘व्हील’मध्ये कसे मांडावेत?

व्हील म्हणजे जिंकायची हमखास युक्ती, असं कुणी सांगितलं तर आधी खिसा सांभाळा. सहापेक्षा जास्त आवडते आकडे मोजक्या तिकिटांवर असे पसरायचे, की त्यातले ठरावीक लागले तर निदान छोटं बक्षीस पदरात पडावं, इतकंच ते करतं. महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटावर क्रमांक छापूनच येतो, तिथे व्हीलला वावच नाही. आकडे स्वतः निवडता येतात असा खेळ लागतो. ब्रिटनचा ‘लोट्टो’ घेऊ: १ ते ५९ मधले ६ आकडे, तिकीट २ पौंड.

आधी खर्चाची मर्यादा ठरवा, आकडे नंतर. ९ आकडे घेऊन त्यांचे सहा-सहाचे सगळे संच भरायचे म्हटलं तर ८४ तिकिटं, म्हणजे १६८ पौंड. बहुतेकांची हौस इथेच फिटते.

त्यापेक्षा छोटं व्हील मांडा. नऊ आकड्यांचे तीन गट पाडा:

अ: ४, ११, १९
ब: २३, ३०, ३७
क: ४२, ५०, ५८

आता तिकिटं तीनच: अ आणि ब, ब आणि क, अ आणि क. खर्च ६ पौंड. नऊपैकी कुठलेही ४ आकडे निघाले, तर एका तरी तिकिटावर किमान ३ जुळतातच. समजा ४, ११, २३, ५० निघाले. एका गटात दोन तरी पडणारच, इथे ते ‘अ’मध्ये पडले, ‘ब’मधला २३ जोडीला आला, की पहिल्याच तिकिटावर तीन झाले.

मेख आहे ती ‘निघाले तर’ या शब्दांत. नऊपैकी चार किंवा जास्त आकडे लागणं सरासरी २८० सोडतींत एकदा घडतं. आणि जॅकपॉटचं म्हणाल, तर तीन तिकिटं म्हणजे साडेचार कोटींत तीनच संधी, कशीही मांडा.

२०२३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या डेव्हिड कुशिंग आणि डेव्हिड स्टुअर्ट या गणितज्ञांनी दाखवून दिलं, की ५९ आकड्यांच्या खेळात किमान २ आकडे जुळण्याची पक्की हमी २७ तिकिटांत मिळते. त्यांनी ५४ पौंड मोजून ती घेतलीही. तीन तिकिटांवर दोन-दोन आकडे जुळले, बक्षीस काय, तर पुढच्या सोडतीची फुकट तिकिटं!

आकडे निवडताना सगळेच वाढदिवसाच्या तारखांतून घेऊ नका. ३१ च्या आतले आकडे पुष्कळ लोक लावतात. जॅकपॉट लागलाच तर वाटेकरी वाढतात.