मुलांना घेऊन अमेरिकेत आलात? पहिल्या तपासणीतल्या या चुका टाळा

निर्वासित म्हणून अमेरिकेत येणाऱ्या मुलांची आरोग्य तपासणी साधारण ९० दिवसांच्या आत होते. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्यांना मात्र कुणी बोलावत नाही. शाळेचा फॉर्म हाती पडेपर्यंत थांबू नका. आल्या आल्या मुलांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

लसीकरणाचं कार्ड तसंच पुढे करू नका. माझ्या मुलीच्या कार्डावर एमएमआरची (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीची) तारीख ०५/०३, म्हणजे ५ मार्च, होती आणि कांजिण्यांच्या लशीची २०/०५. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून नर्सने पहिली तारीख ३ मे अशी वाचली. दोन लशींत १७ दिवसांचंच अंतर दिसलं, हवं असतं किमान २८ दिवसांचं. कांजिण्यांची लस बाद! निघण्याआधी महिना अक्षरात लिहिलेली इंग्रजी प्रत डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह घ्या. नवव्या महिन्यातला गोवराचा डोस मात्र इथे धरतच नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच धरतात. १ एप्रिल २०१६ पासूनचे पोलिओचे थेंबही मोजत नाहीत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

'बीसीजी दिलंय, टीबीची तपासणी कशाला?' असं म्हणू नका. त्या लशीमुळे टीबीची हातावरची मँटू चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून मूल दोन वर्षांहून मोठं असेल तर रक्ताची चाचणी मागा. एमएमआर द्यायची असेल तर ही चाचणी त्याच दिवशी, नाहीतर चार आठवडे थांबून करा.

विदर्भातून आला असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं आवर्जून विचारा. इथे जन्मलेल्या बाळांची ती तपासणी जन्मतःच होते, आपल्या मुलांची राहून जाते.

सगळ्यात जास्त गफलत शिसं (लेड) या विषारी धातूच्या बाबतीत होते. डॉक्टर विचारतात, 'बाळाला काही मेकअप लावता का?' आपण सहज 'नाही' म्हणतो, कारण काजळ आपल्या लेखी मेकअप नसतंच. काही काजळ-सुरम्यांत शिसं असतं. कुंकू-सिंदुरात, भेसळीच्या हळदीत, काही आयुर्वेदिक भस्मांतही ते सापडलंय. मूल खेळतं-खातं असतं, वरून काही कळत नाही, पण मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर घरातला स्रोत शोधावा लागतो. आजीने प्रेमाने दिलेल्या वस्तूंबद्दल डॉक्टरांना सांगताना संकोच वाटतो, मलाही वाटला होता. तरी काजळाची डबी, हळदीचं पाकीट, भस्माची पुडी पिशवीत घालून सोबत न्या आणि टेबलावर ठेवा.