तलाव म्हणजे नदी नव्हे आणि बाग म्हणजे परसू नव्हे: सांगलीकरांनो, या चुका टाळा

आमच्या दादाला पोहायला कृष्णेने शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, काकांनी घाटावरून ढकलायचं आणि नाकातोंडात पाणी जाऊन तो वर आला की सगळ्यांनी हसायचं. चार दिवसांनी डबा सुटला. मी पायरीवर बसून त्याचे कपडे सांभाळायचे. मुलींनी पाण्यात उतरायचं नसे. मी शिकले थेट बेचाळिसाव्या वर्षी, जलतरण तलावावरच्या महिलांच्या बॅचमध्ये, हातात थर्माकोलची पाटी धरून.

म्हणून हे जरा ठसक्यात सांगते. तलावावर सर्वांत जास्त चुका नदीत पोहलेली माणसं करतात. त्यांना पोहता येतं, पण तलाव वापरता येत नाही.

दादाचंच घ्या. निवृत्तीनंतर त्याने पास काढला आणि पहिल्या दिवशी अंगाला तिळाचं तेल चोपडून हजर. घाटावर तशीच पद्धत होती. जीवरक्षकाने अडवलं, तेव्हा म्हणतो कसा, "अहो, आंघोळीलाच तर आलोय, आधी आणि आंघोळ कशाला?" चूक नेमकी इथेच आहे. नदीचं पाणी पुढे जातं. तुमचं तेल, घाम आणि साबण घेऊन ते अंकलीकडे निघून जातं. तलावाचं पाणी कुठेच जात नाही. 25 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटर पाणी मावतं. तेच पाणी पंपाने ओढून वाळूच्या फिल्टरमधून परत आत सोडलं जातं. सगळं पाणी एकदा गाळून व्हायला कित्येक तास लागतात. सकाळच्या पहिल्या बॅचने सोडलेलं तेल तिसऱ्या बॅचलाही भेटतं ते यामुळे. कडेच्या फरशीवर पाण्याच्या रेषेत जो काळपट चिकट पट्टा दिसतो, तो बहुतेक आपल्याच अंगावरचा असतो.

डोळे चुरचुरले की सगळे एकच बोलतात, "आज क्लोरीन लई मारलंय." बहुतेक वेळा उलटं असतं. क्लोरीन घामाला आणि लघवीला भिडलं की क्लोरामाइन तयार होतं. डोळे झोंबणं, नाकात जाणारा तो उग्र वास, पोहून आल्यावरचा कोरडा खोकला, हे बरंचसं त्याचं काम. चांगल्या राखलेल्या तलावाला जवळजवळ वास येत नाही. वास जेवढा उग्र तेवढं पाणी स्वच्छ, ही समजूत डोक्यातून काढून टाका. उपाय फुकटातला आहे. उतरण्याआधी शॉवरखाली नीट एक मिनिट उभं राहायचं, केस भिजवायचे आणि लहान मुलांना आधी बाथरूमला नेऊन आणायचं. भिजलेले केस तलावाचं पाणी कमी शोषतात, त्यामुळे ते झाडूसारखेही होत नाहीत.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काठावर उभं राहून खोल टोकाकडे बघा. तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर त्या दिवशी पैसे गेले म्हणा आणि घरी जा. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं माणूस काठावरच्यालाही दिसत नाही. फरशी हाताला बुळबुळीत लागली तर शेवाळ धरायला लागलंय. जास्त चौकस असाल तर रोजची नोंदवही मागा. सामू (पीएच) 7.2 ते 7.8 आणि मोकळं क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम, एवढे दोन आकडे बघायचे. मी मागितली तेव्हा पहिल्यांदा बाईकडे बघतात तसं बघितलं, मग दाखवली. उघड्या तलावात उन्हाने क्लोरीन लवकर उडतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरच्या बॅचला तर जरूर बघावं.

जुलाब होत असतील तर तलाव बंद. थांबल्यावर लगेच यायचं नाही, दोन आठवडे जाऊ द्यायचे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्मजीव नेहमीच्या क्लोरीनमध्येही दिवसेंदिवस जिवंत राहतो, आणि पोहताना थोडं पाणी प्रत्येकाच्या तोंडात जातंच.

आता कपडे. पुरुषांची बनियन आणि सुती हाफ चड्डी, बायकांचा सुती पंजाबी ड्रेस, दोन्ही नकोत. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात, आणि नवशिकीच्या पायात ओढणी अडकली तर पुढचं सांगायला नको. अंग झाकायचं असेल तर नायलॉन-लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो. आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणी तोच घालतात. बांगड्या, सेफ्टी पिना, जोडवी घरी ठेवा. आणि टिकल्या! एकदा आमच्यासमोर गाळणीची टोपली उपसली, तर केसांच्या गुंत्यात पाच-पंचवीस टिकल्या. कुणाची कुठली, कोण ओळखणार? पाळीच्या दिवसांत कप किंवा टॅम्पून वापरून पोहायला हरकत नसते. पॅड लावून मात्र उतरू नये, ते पाणीच शोषून घेतं.

कानात दडा बसला तर काडी घालू नका. मान त्या बाजूला कलती करून कानाची पाळी हळू ओढली की पाणी निघतं. पाळीला नुसता हात लावला तरी कळ येत असेल तर बाहेरच्या नळीला संसर्ग झालाय, कान-नाक-घसावाल्यांना दाखवायचं. गॉगलला धुकं धरतं ते आतून बोट फिरवल्यामुळे. तिथला लेप निघून जातो. पायात गोळा आला तर घाबरून हात मारायचे नाहीत. पाठीवर तरंगायचं, पाऊल धरून बोटं नडगीकडे खेचायची, आणि सुटला की सावकाश काठाला यायचं.

मुटक्याबद्दल थोडं जास्त बोलते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून उडी मारल्याच्या गोष्टी सांगणारी पिढी आपल्याकडे घरटी एक आहे. हीच माणसं नातवाला तलावाच्या उथळ टोकाला मुटका मारायला शिकवतात, आणि नातू एक पाऊल पुढे जाऊन तिथेच सूर मारतो. उथळ टोकाला पाणी जेमतेम तीन-चार फूट. तळ फरशीचा, नदीसारखा गाळाचा नव्हे. डोकं आपटलं की मान मोडते, आणि मानेतला मज्जारज्जू दुखावला की पुढचं आयुष्य खुर्चीत. काठावर खोलीचे आकडे रंगवलेले असतात ते शोभेला नाहीत. आकडे पुसट झाले असतील तर आधी पायांवर उतरून अंदाज घ्या.

दुसरा घाटावरचा खेळ म्हणजे पाण्याखाली कोण जास्त वेळ. पोरं आधी भराभरा खोल श्वास घेतात, म्हणजे म्हणे दम टिकतो. टिकतो, पण चुकीच्या कारणाने. श्वास घ्यायची निकड रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की वाटते. भराभर श्वास टाकून तो आधीच उतरवला, की ती निकड जागी व्हायच्या आत प्राणवायू संपतो आणि मुलगा आवाज न करता बेशुद्ध होतो. यात चांगले पट्टीचे पोहणारे जातात. काठावरच्यांना वाटतं, अजून दम धरून आहे. दोन पोरं पाण्याखाली आकडे मोजताना दिसली तर जीवरक्षकाची वाट न बघता मी सरळ ओरडते. मला तलावावर 'कडक काकू' म्हणतात, म्हणू देत.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही लक्षात असू द्या. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होतं, हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, शरीर उभं असतं, आणि सगळं मिनिटाच्या आत आटोपतं. मुलांच्या दंडातले हवेचे फुगे हे खेळणं आहे. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर हवं, आणि त्या हातात मोबाईल नको. वाचवायला जाताना उडी टाकू नका. बांबू, ट्यूब, ओढणी, जे असेल ते पुढे करा.

बाहेर काढल्यावरची आपली चूक तर पिढीजात आहे. पालथं घालायचं, पाय धरून उलटं करायचं आणि पोट दाबून पाणी काढायचं. यात सोन्यासारखी मिनिटं जातात आणि पोटातलं बाहेर आलेलं फुफ्फुसात उतरतं. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास हे चक्र 108 ची गाडी येईपर्यंत. माणूस शुद्धीवर येऊन "बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्या. काही तासांनी धाप लागू शकते.

आणि उलटी चूक, नदीला तलाव समजण्याची. कृष्णेत मगरी आहेत. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, तरी मे महिन्यात पोरं उतरतातच. मगर हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेली दिसते, म्हणून लोकांना वाटतं तोच तिचा मोसम. पण उन्हाळ्यात तिची अंडी काठाच्या मातीत असतात, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात, आणि त्या काळात मादी जास्त बिथरलेली असते. नेमका तोच आपल्या सुट्टीचा काळ. संध्याकाळी आणि पहाटे पाण्याच्या कडेला वाकून कपडे धुणं, हातपाय धुणं टाळा. मगर दिसली तर दगड मारू नका, वनविभागाला 1926 वर कळवा. पावसाळ्यात तर आयर्विनपाशी 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका हे आकडे आपल्याला पाढ्यासारखे पाठ आहेत, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलेलं बघितलंय. तरी कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की घाटावर गर्दी होते ती सेल्फीची. पूर ओसरल्यावर मैदानं लगेच खेळायला घेऊ नयेत. चिखलात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो. निदान बूट तरी घाला.

बागेचं थोडक्यात सांगते, कारण तिथे जीव जात नाही, फक्त बाग जाते. आमराई बागेत पहाटे फिरायला येणाऱ्यांत एक जमात आहे. हातात आकडी लावलेली काठी आणि प्लास्टिकची पिशवी. तगर, जास्वंद, कण्हेर, उजाडायच्या आत झाड मोकळं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "देवालाच नेतोय की वं!" देवाला परसातली फुलं न्यावीत, महापालिकेची नव्हे. हीच मंडळी झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांना साखर, वाटेवर कुत्र्यांना बिस्किटं घालतात, आणि आठ दिवसांनी कुत्री अंगावर येतात म्हणून तक्रारही करतात.

ओपन जिममधली यंत्रं वजन न लावता चालतात, म्हणजे तिथे वजन तुमचंच असतं. ते कमी करता येत नाही. गुडघेदुखी असलेल्या नव्वद किलोच्या बाईंनी पाय ढकलायच्या यंत्रावर पहिल्याच दिवशी पन्नासदा ढकललं तर गुडघ्याचा एमआरआय काढायची वेळ येते. कंबर फिरवायच्या चकतीवर झटके देऊन फिरू नका, स्लिप डिस्कवाल्यांनी तर चढूच नका. झोके घेत चालायच्या यंत्राजवळ लहान मुलं नकोत, सांध्यात बोटं सापडतात. आणि दुपारी चारला पत्र्याच्या घसरगुंडीवर मुलाला बसवण्याआधी आपला तळहात तिच्यावर टेकवून बघा. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. मातीची पायवाट असेल तर ती बरी, गुडघ्यांनाही.

मोडलेल्या झोपाळ्याचा फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं ही शेवटची चूक. त्यावर सतरा अंगठे येतात आणि झोपाळा तसाच. कागदावर अर्ज लिहा, बागेचं नाव, नेमकी जागा, तारीख घाला, दोन प्रती काढा, महापालिकेच्या आवक विभागात एक देऊन दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पंधरा दिवसांनी तो क्रमांक सांगून विचारा. वाढदिवसाला किंवा शिबिराला बागेचा कोपरा हवा असेल तरी हीच रीत. पैसे भरल्याची पावती घ्या, अनामत परत मिळायची तारीख विचारून ठेवा, आणि सजावट झाडाला खिळे मारून नको, सुतळीने बांधा. फांदी आड येते म्हणून स्वतः छाटायची नाही. शहरातल्या झाडाला हात लावायला 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

आम्ही महिला बॅचच्या शॉवरच्या मोडक्या तोट्यांसाठी असाच अर्ज केला होता. तोंडी सांगून दोन महिने गेले होते. आवक क्रमांक हातात आल्यावर दहाव्या दिवशी प्लंबर आला. दादा आता रोज त्या शॉवरच्या पुरुषांकडच्या बाजूला एक मिनिट उभा राहतो. तेलाची बाटली मात्र अजून पिशवीत असते, म्हणतो पोहून झाल्यावर लावीन.