कर्नाळ्याच्या जंगलातील अधिवास कसे पाहावेत

मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर असलेले कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. क्षेत्र लहान असल्याने ते एका सकाळीत पायी पाहता येते, मात्र झपाझप चालत गेल्यास हाती फारसे लागत नाही. पक्ष्यांची यादी भरण्याऐवजी तीन-चार जागा निवडून प्रत्येक ठिकाणी किमान अर्धा तास निःशब्द उभे राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रवेशद्वार उघडताच आत जावे, कारण दिवस वर आला की महामार्गाचा आवाज वाढतो आणि पक्ष्यांची हालचाल मंदावते. कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे असावेत. दुर्बीण आठ पटींची पुरेशी होते.

पहिला मुक्काम फळांनी लगडलेल्या उंबराखाली करावा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल बहुतांश वेळ झाडांवरच काढतो आणि पानांच्या रंगात इतका मिसळून जातो की तो हलेपर्यंत दिसत नाही; म्हणून नजर एका फांदीवर स्थिर ठेवावी आणि खाली पडणाऱ्या फळांच्या आवाजाकडे कान द्यावा. जवळपास वाळलेली फांदी असल्यास तिच्यावरील गोल भोके पाहावीत. ती तांबटाने कोरलेली असू शकतात आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे पक्षीही घरटे करतात. वठलेले झाड जंगलाला किती मोलाचे असते, हे अशा वेळी नेमके उमगते.

पावसाळ्यात ओढ्याकाठची जागा सर्वांत समृद्ध असते. जूनच्या सुमारास विणीसाठी येणारा तिबोटी खंड्या जेमतेम तेरा सेंटीमीटरचा असून ओढ्यालगतच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ खोदून घरटे करतो आणि पिल्लांसाठी चोचीत सापसुरळी, बेडूक किंवा खेकडा घेऊन येतो. बिळासमोर माणसे उभी असली तर तो भक्ष्य तसेच धरून फांदीवर खोळंबतो आणि पिल्ले उपाशी राहतात. म्हणूनच घरटे आढळल्यास लगेच मागे फिरावे, फ्लॅश मुळीच वापरू नये आणि त्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

याच दिवसांत पालापाचोळ्यात खाद्य शोधणारा नवरंग पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. ती ध्वनिमुद्रित करून त्याला बोलावण्याचा मोह टाळावा, कारण विणीच्या काळात तो त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून धावतो. हिवाळ्यात मात्र निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करून कीटक टिपत फिरतात. अशा थव्यासोबत फिरणाऱ्या भृंगराज पक्ष्याचा आवाज कानी पडला की त्याच्या आसपासच्या फांद्या बारकाईने न्याहाळाव्यात.

वहीत पक्ष्याच्या नावासोबत झाड, जमिनीपासूनची उंची, वेळ आणि तो काय करत होता हेही लिहावे. अभयारण्यातील कर्नाळा किल्ल्यावर जायचे असल्यास तेथील सुळक्याच्या कड्यावरील आग्या माश्यांची पोळी लक्षात घेऊन अत्तर लावणे, धूर करणे आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.